खांडीत उतरलेली रेघ

मॅरेथॉनवाल्यांसाठी आलेलं नवं जीपीएस घड्याळ पारखायला मी रोज पेणच्या डांबरी रस्त्यावर धावतो. घड्याळ भिकार आहे. नकाशावर माझी रेघ रस्ता सोडून खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधावर जाते आणि बांध फुटलाय तिथल्या खांडीत उतरते.

वर त्याचा पट्टा कुजक्या कोळंबीसारखा वास मारतो. कितीदा धुतला, तरी शिसारी येतेच.

"खांडीतल्या चिखलाचा वास हाय, दादा," माझी धाकटी बहीण प्रणिता नाक दाबून म्हणाली.

आज घड्याळ घरीच खुंटीला टांगून धावलो. परतलो तर घड्याळाच्या पडद्यावर आजची ताजी रेघ होती. ती खांडीत उतरली होती, बाहेर आलीच नव्हती.

"दादा आला का गो?" आईने आतून विचारलं.

प्रणिताने माझ्या आरपार दाराकडे पाहिलं. "नाय गो आई. नुसता वास आलाय."