वाडग्यातलं पाणी

मार्जरी सुइणीने वाडग्यात बोट बुडवून पाहिलं. पाणी कोमट होतं. तिच्या मांडीवरची मुलगी सकाळी जन्मली तेव्हापासून निळी पडत चालली होती. श्वास घ्यायची, मग घ्यायचा विसरायची. पलंगावरून आई, टॉमसिन, तिच्याकडे डोळे लावून बसली होती. लेक जगणार नाही हे तिला कळलं होतं. जाण्याआधी तिला बाप्तिस्मा मिळावा, एवढंच तिचं मागणं होतं.

आणि दारात दोन शहाणे वाद घालत होते.

गावचे पाळक कॉबोल्ड तसे भले. बायबलात नाही असं सांगून बिशपने सांगितलेला पांढरा झगा घालत नाहीत, बाळांच्या कपाळावर क्रुसाची खूण करत नाहीत, म्हणून त्यांची जागा आज जाते का उद्या, असं चाललेलं. खूण करणार नाही, नुसतं पाणी घालीन, असं ते मुलीच्या बापाला तिसऱ्यांदा सांगत होते. सिल्वेस्टर विणकर ऐकायला तयार नव्हता. वर्षापूर्वी तो त्यांना सोडून कोठारात चोरून भरणाऱ्या वेगळ्या मंडळीत गेला होता. त्या मंडळीचा पाळक लिंकनच्या तुरुंगात. तो सुटेपर्यंत दुसऱ्या कुणाच्या हातून बाप्तिस्मा नाही, हा सिल्वेस्टरचा हट्ट.

"बिशपची मंडळी बिघडलीय, हे तुमच्याच तोंडून ऐकलं, पाळकसाहेब," सिल्वेस्टर म्हणाला. "तुम्ही दार दाखवलंत, आम्ही बाहेर पडलो. तुम्ही अजून उंबऱ्यावरच."

"घर गळतं म्हणून आईला टाकून जातं का रे कुणी?"

सिल्वेस्टरने बायबलातलं एक वचन काढलं, पाळकांनी दुसरं. दोघांचेही डोळे भरले होते. त्यांच्यातला एखादा दुष्ट असता तर मार्जरीने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं असतं.

मुलीला उचकी लागली. मार्जरीने ओंजळ भरली. जुन्या राणीच्या काळात सुइणींना मुभा होती, तेव्हा तिने अशी अकरा मरती बाळं स्वतः बाप्तिस्मा देऊन देवाच्या हवाली केली होती.

"नाही, मावशी," पाळक पुढे होत म्हणाले. "बाईच्या हातून बाप्तिस्मा होत नाही."

"तेवढं मात्र त्यांचं खरं आहे," सिल्वेस्टर म्हणाला.

सकाळपासून दोघांचं एकमत झालं ते एवढंच. मार्जरीच्या बोटांतून पाणी गळून गेलं.

पुन्हा वचनं सुरू झाली. मार्जरीने मुलीच्या छातीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग तिला उचलून टॉमसिनच्या कुशीत दिलं. पाळकांनी टोपी काढली. सिल्वेस्टर भिंतीला टेकून खाली बसला.

टॉमसिन रडली नाही. मुलीची मूठ उघडून तिने आपलं बोट आत ठेवलं.

"मावशी, हिला नावाने हाक मारू का मी? का तेही यांना विचारावं लागेल?"

मार्जरीने दोघांकडे पाहिलं. दोघेही जमिनीकडे बघत होते. तिने फडकं वाडग्यात बुडवलं, पिळलं आणि मुलीचं कपाळ पुसायला घेतलं. पाणी अजून कोमट होतं.