एकटीला विचारलेला प्रश्न

“सासूसमोर विचारलंत तर उत्तर सासूचंच मिळेल,” कॉलेजात असताना समाजशास्त्राच्या मॅडमनी पाहणीला निघताना बजावलं होतं. शाल्मलीनं ते हसण्यावारी नेलं. घरच्यांच्या घोळक्यात बसूनच तिनं चाळीस बाळंतिणींचे फॉर्म भरले. चाळीसच्या चाळीस जणी मजेत!

आता तिच्याच मांडीवर दीड महिन्याचं बाळ होतं. ते झोपलं की ती त्याच्या नाकापाशी बोट धरून बसायची, श्वास चालतोय ना ते बघत. आरोग्य केंद्राच्या आशाताई दोनदा घरी येऊन तब्येत विचारून गेल्या. दोन्ही वेळा सासूबाई म्हणाल्या, “आमची सून ठणठणीत आहे हो!” आणि तीही म्हणाली, “छान चाललंय.”

आज लसीकरणाला गेल्यावर आशाताईंनी बाळ सासूबाईंच्या हातात दिलं. “आजी, नातवाचं वजन तुम्हीच करून आणा.” मग दार लोटून त्या शाल्मलीशेजारी टेकल्या.

“आता खरं सांग. झोप लागते?”

शाल्मलीला हुंदकाच फुटला.

“रड, मोकळेपणी रड. एकटीला गाठूनच विचारायचं, असा नवा नियम आलाय. कुणीतरी पाहणी केली म्हणे, घरच्यांसमोर सगळ्याच मजेत असतात. थांब, डॉक्टरीणबाईंना बोलावते.”

परतलेल्या सासूबाई तिचे डोळे बघून दारातच थबकल्या. “अगं, मला नाही का सांगायचंस? माझ्या वेळी मलाही...” त्यांनी बाळाला छातीशी घट्ट धरलं.

त्या दुपारी शाल्मली तीन तास झोपली. उठल्यावर तिनं कॉलेजच्या ग्रुपवर लिहिलं, “तुमच्या घरी, शेजारी कुणी बाळंतीण असेल तर आजच जा. बाळ दुसऱ्या कुणाच्या हातात द्या, दार लोटा आणि मग विचारा.”