सागाचा भुसा

"आता काय झालं?" भिकाजीने मोटर बंद करून ओरडून विचारलं.

दाराला टांगलेल्या ओल्या गोणपाटामागून सरूबाईचा आवाज आला. "अवो, जरा भाईर या. शेळी सुटलीया."

"मग बांद की!"

"मला न्हाई आवरत."

तो चरफडत बाहेर आला. पापण्यांवर, मिशीवर, कानांच्या पाळ्यांवर सागाची पिवळसर पूड बसली होती. शेळी कुंपणापाशी निवांत पाला ओरबाडत होती. त्याने तिला खुंट्याला बांधलं. मागे वळतो तर बायको तांब्या घेऊन उभी. "आलाच हाय तर चूळ भरा. घटकाभर बसा."

"बसायला येळ हाय व्हय?" तो म्हणाला. पण घसा कोरडा पडला होता. तो बसला.

वेळ खरोखरच नव्हता. कुसगावच्या त्यांच्या वाडीत नवा विहार उभा राहिला होता. वाडीने ठरवलं होतं, बुद्धाची मूर्ती विकत आणायची नाही, आपल्या भिकाजीने घडवायची. खंडाळ्याच्या बंगल्यांची दारं-खिडक्या करण्यात त्याची उमर गेली होती. आपल्या माणसांसाठी काही घडवायला सांगितलं जात होतं ते आत्ता. वैशाखी पौर्णिमेला मूर्ती बसायची होती.

नुसत्या पटाशीने ती वेळेत झाली नसती. म्हणून त्याने पुण्याच्या जुन्या बाजारातून विजेची मोटर आणली. तिला एक लांब, वाकणारी नळी होती आणि नळीच्या टोकाला गरगर फिरणारं पातं. लाकूड लोण्यासारखं कापलं जाई. मात्र पटाशीने ढलप्या पडत, या यंत्राने पीठ उडे. खोली धुक्याने भरावी तशी भरून जाई आणि मूर्तीचं नाक कुठे, ओठ कुठे, ते दिसेनासं होई.

त्याने काहीच करायचं बाकी ठेवलं नाही. दाराला गोणपाट टांगून त्यावर पाणी मारलं. लाकडावर पाणी शिंपडलं, तर भुशाचा चिखल होऊन कोरलेल्या रेघा बुजल्या. तोंडाला ओला पंचा बांधला, तो बघता बघता वाळला. खिडकीत पंखा लावून धूळ बाहेर फेकली, तर ती शेजारच्या भागुबाईच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन बसली. मग वाडीभर आरडाओरडा झाला. पंखा काढावा लागला. रात्री जेवताना भाकरीतही त्याला सागाचाच वास येई.

आणि त्यात ही बायको. हात जरा बसला, चेहऱ्याचं काम लयीत आलं, की हिची हाक ठरलेली. कालवणात मीठ बघा. छपरावर वान्नेर आलंया. पाटीला हात लावा. अशी पूर्वी कधी वागली नव्हती. जिथे तिथे पदर खोचून एकटीने कामं उरकणारी बाई, आता तिला साधी शेळी आवरेना. एवढ्या मोलाच्या कामाचं हिला काहीच कसं वाटत नाही, हे त्याला जास्त लागे.

एक दिवस तो मूर्तीच्या डोळ्यांच्या पापण्या कोरत होता. मिटलेल्या, शांत पापण्या. हात जरा चुकला असता तर सगळा चेहरा गेला असता. तेवढ्यात गोणपाट हललं.

"अवो, गेणूभाऊ आल्यात. विहाराचं कायतरी बोलायचंय म्हनं. सडकंवर थांबल्यात."

गेणू विहाराच्या बांधकामाचा सगळा कारभार बघे. त्याने बोलावल्यावर जाणं भाग होतं. भिकाजी तसाच भुसा झटकत सडकेपर्यंत चालत गेला. तिथे कुणीच नव्हतं. पानाच्या टपरीवाल्याने सांगितलं, गेणू सकाळीच तळेगावला गेला.

तो परतला तो धुमसतच. सरूबाई ओट्यावर बसली होती.

"खोटं बोल्लीस?"

"व्हय."

"आन् त्या दिशी शेळी?"

"मीच सोडली हुती."

"येड लागलंय का तुला? मूर्ती व्हाया नगं तुला?" संतापाने त्याला ढास लागली. ती थांबेचना. खांबाला धरून तो वाकला, थुंकला. थुंकी पिवळी होती.

सरूबाई उठली नाही. खाली बघत म्हणाली, "माजा बा खडी फोडायच्या मशिनीवर हुता, दिसभर धुळीत. आय भाकर घिऊन जायाची, तर त्यो लांबनंच हात करायचा, थांब म्हनून. आय आपली थांबायची. त्याच्या कामात कदी आडवी आली न्हाई. म्हातारा व्हायच्या आदीच त्याला खाटंवर उठून बसवंना झालं. छाती निस्ती भात्यावानी वर-खाली."

भिकाजीने मिशीवरून हात फिरवला. बोटांना पिवळी पूड लागली.

"तुमाला सांगितलं असतं तर ऐकलं असतं? बुद्धाचं काम हाय म्हनला असता." तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "ती धूळ तुमच्यानं थांबंना. माज्यानं कुटनं थांबायची? म्हनून मी तुमालाच थांबवत हुते."

तो तिच्या शेजारी टेकला. घाटाकडून वारा येत होता. आत मोटर गार पडली, तरी तो उठला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने गेणूला जाऊन सांगितलं, उरलेलं काम पटाशीने करणार, मूर्ती पौर्णिमेला होणार नाही. गेणू चिडला, वाडीत कुजबुज झाली, चार माणसं तोंडावर बोलली. भिकाजीने ऐकून घेतलं.

वैशाखी पौर्णिमेला नव्या विहारात मूर्तीच्या जागी नुसती फुलांची परडी होती. वंदना सुरू झाली तेव्हा भिकाजीचा आवाज सगळ्यांच्या वर चढला आणि शेवटच्या शब्दापर्यंत ढासेने कुठेही तुटला नाही.