रविवारी बंद

मावशींची लेक नवऱ्याला सोडून दोन पोरांसह माहेरी परतली, त्या वर्षी टोमॅटो फार आला. ट्रक भरभरून बाहेरचे मजूर आणले, तरी हात पुरेनात. म्हणून मळ्यात रविवारीही तोडणी सुरू झाली.

चर्चच्या मागच्या हॉलात मावशी या मजुरांच्या पोरांचं पाळणाघर चालवत. सोमवार ते शनिवार. रविवारी हॉलला कुलूप, कारण तो प्रभूचा दिवस. ठराव चर्चच्या समितीचा होता आणि समितीचे अध्यक्ष होते मळेवाले. टोमॅटोही त्यांचाच.

त्या रविवारी सकाळी सहाला फाटकाशी दहा बायका उभ्या होत्या. कडेवर पोरं, डोक्याला फडकी. रस्त्यावर ट्रकचा हॉर्न थांबत नव्हता.

"आज बंद आहे गं, बायांनो," मावशी म्हणाल्या.

"ठाऊक आहे," पुढची म्हणाली. तिच्या कडेवर ठमी होती, पाळणाघरातली सगळ्यात बडबडी. "पण मावशी, गेल्या रविवारी मळ्यात हिला बांधून ठेवावी लागली. बांधावरच्या खांबाला. पाय बघा हिचा."

मावशींनी पाय पाहिला. घोट्याभोवती कातडी सोलवटली होती. त्यांनी कंबरेची किल्ली काढली.

"आई, नोकरी जाईल," मागून लेक हळूच म्हणाली. "घरात चार तोंडं आहेत आपली."

"घास गिळता तर आला पाहिजे ना," मावशी म्हणाल्या आणि दार उघडलं.

मग रोजच्यासारखंच. एकेकीला विचारायचं, "आज कितवी ओळ?" आणि तो आकडा निळ्या पेनाने पोराच्या मनगटावर लिहायचा. पोर पडलं, तापलं, तर एवढ्या मोठ्या मळ्यात त्याची आई शोधायची कुठे? ओळ कळली की निरोप धाडता येतो. ही रीत मावशींचीच. पोरांनाही तिची इतकी सवय की दारात येताच हात पुढे.

नऊला उपासना सुरू झाली. अकरा पोरं एका खोलीत, ती काय मुकी बसणार? अर्ध्या तासात मळेवाले उठून मागे आले. शर्ट कडक इस्त्रीचा, काखेत पवित्र शास्त्र.

"बाई, आज वार कोणता?"

"रविवार."

"आज्ञा तुम्हाला मी शिकवायची का? शब्बाथ, विसाव्याचा वार, पवित्रपणे पाळायचा असतो. आत्ताच्या आत्ता ही पोरं बाहेर काढा."

"काढते," मावशी म्हणाल्या.

आणि काढलीच. पुढच्याचा सदरा मागच्याने धरायचा, अशी रांग लावली आणि ती रांग घेऊन त्या बाहेरून वळसा घालून चर्चच्या मोठ्या दारातून आत शिरल्या. मधल्या वाटेने थेट पहिल्या बाकापर्यंत. तो बाक मळेवाल्यांच्या घरचा. पोरांना त्यांनी तिथेच बसवलं.

पाळकसाहेब वाचता वाचता थांबले. सगळीकडे एकदम शांत झालं. ठमीला वाटलं, आता जेवणाआधीची प्रार्थना. तिने हात जोडले आणि खड्या आवाजात "आमेन!" ठोकून दिलं. दोघंतिघं हसले आणि लगेच खोकले.

"बसा, पाळकसाहेब, मी फार वेळ घेत नाही," मावशी म्हणाल्या. त्यांनी शेजारच्या पोराचा हात वर धरला. "हा बारा. बाराव्या ओळीत याची आई आत्ता या घटकेला वाकून टोमॅटो तोडतेय. ही सात. हे दोघे भाऊ, एकोणीस. मळेवाले मला विचारतात, आज वार कोणता. मी त्यांना विचारते, प्रभूचा दिवस या भिंतीपर्यंतच असतो का? कुंपणापलीकडचा दिवस कुणाचा?"

अकरा हात आपोआप वर झाले होते. पोरांना वाटलं, दाखवायचे असतील.

मळेवाले दारातच उभे होते, चेहरा टोमॅटोसारखा लाल. बाकांवरच्या माणसांनी माना गीतांच्या पुस्तकात घातल्या. ज्यांच्या हातात पुस्तक नव्हतं, त्यांनीसुद्धा शेजाऱ्याच्या पुस्तकात घातल्या.

पाळकसाहेबांनी मळेवाल्यांकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"गीत क्रमांक एकशे चार," ते म्हणाले.

सगळे उभे राहिले. त्या दिवशी मंडळी नेहमीपेक्षा मोठ्याने गायली. मावशी उभ्या होत्या, पण त्यांचे ओठ मिटलेले होते.

सोमवारी समिती बसली. चहा निवायच्या आत ठराव झाला, मावशींकडून किल्ली घेतली आणि त्यांच्या जागी नियमाने वागणारी एक मुलगी नेमली.

पुढच्या रविवारी हॉल बंद होता. उपासना अकराला आटोपली आणि माणसं जेवायला घरोघर गेली. त्या दुपारी सव्वादोनला मळ्यात मागे येणाऱ्या ट्रॅक्टरखाली ठमी गेली. अडीच वर्षांची होती.