सहीची वही

कंत्राटदाराला हाकलून त्यानं घराचं बांधकाम स्वतःच्या अंगावर घेतलं, तेव्हा गवंड्याला एकच नियम घालून दिला. तोंडी काही ऐकायचं नाही, वहीत माझ्या सहीनं असेल तेवढंच करायचं.

पंधरवडाभर वहीत त्यानं न लिहिलेल्या सूचना सापडत होत्या. अक्षर त्याचंच, सहीही त्याचीच. एकेक खिडकी बुजत गेली. वही कुलपात ठेवून झाली, बदलून झाली. शेवटी बायकोही म्हणाली, "अहो, तुम्हीच लिहिता."

आज मधल्या खोलीची भिंत मोजून तो वळला, तर दारात गळ्यापर्यंत विटा चढलेल्या.

"मिस्त्री, मी आत आहे," तो थकून म्हणाला.

गवंड्यानं मान खाली घालून वही उघडी धरली. शाई अजून ओली होती.

'मी आतून हाक मारली, तरी थांबू नका.'