चंदाबाईच्या हातची भाकर

ताट तिसऱ्या ओळीपर्यंत आलं होतं. जंगू पाचव्या ओळीत बसला होता. ताट चंदाबाईच्या हातात होतं, आणि जंगूला तिथून पळून जायचं होतं.

एटापल्लीच्या वाटेवरच्या त्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. पत्र्याच्या लहानशा प्रार्थनाघरात महिन्यातून एकदा प्रभुभोजन व्हायचं. तांदळाच्या भाकरीचे तुकडे आणि मनुकांच्या पाण्याचा प्याला. त्याआधी सगळे उभे राहून दहा आज्ञा मोठ्याने म्हणत. आज सहावी आज्ञा आली, खुनाची, तेव्हा जंगूचे नुसते ओठ हलले. आवाज फुटलाच नाही. शेजारच्या वारलूने वळून पाहिलं असं त्याला वाटलं. वारलू खरं तर डास मारत होता. चोराच्या मनात चांदणं.

मग पास्टर सुरेंद्रनी दर वेळचं बजावलं. मनात पाप लपवून जो ही भाकर खातो, तो स्वतःची शिक्षा खातो. खाई त्याला खवखवे म्हणतात; जंगूला न खाताच खवखवत होतं. बरं, ताट तसंच पुढे जाऊ द्यावं, तर अख्खी मंडळी वळून बघणार. चाळीस माणसांत एकाने भाकर नाकारली की ते लपत नाही. संध्याकाळी पास्टर घरी येऊन विचारपूस करतात. मागच्या महिन्यात त्याने सासूच्या आजारपणाचं निमित्त काढून गडचांदूर गाठलं होतं. सासू दर महिन्याला आजारी पडत नाही.

गोष्ट दोन महिन्यांपूर्वीची. धान लोंबीवर आलं होतं आणि रानडुकरं एका रात्रीत बांधीतलं अख्खं पीक लोळवून जात होती. जंगूने शेताभोवती उघडी तार ओढली, वरच्या लाइनवर आकडा टाकला आणि तारेत करंट सोडला. दिवस उजाडायच्या आत तार गुंडाळायची, म्हणजे कोणाला पत्ता लागत नाही. असं करणारा गावात तो एकटा नव्हता. पण त्या पहाटे तारेपाशी डुक्कर नव्हतं. देवाजी पडला होता, चंदाबाईचा नवरा. जंगूने आकडा काढला, तार गुंडाळली आणि पळाला. देह सापडला तो तिथून थोडा दूर, शेजारच्या डोमाच्या बांधावर, म्हणून पोलिसांनी डोमाला नेलं. डोमा गरीब माणूस, तळ्यातले मासे धरून आणि एकरभर धानावर जगणारा. तो अजून आतच होता.

तेव्हापासून जंगू रोज गुडघे टेकत होता. देव क्षमा करतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पण आज्ञा देणाराही तोच. त्यातला कोणता देव आपल्याला भेटेल, हे त्याला कळेना, आणि या विचाराने त्याला अन्न गोड लागेना.

ताट चौथ्या ओळीत शिरलं. बायकांच्या बाजूने त्याची बायको साधना त्याच्याकडेच बघत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

चंदाबाई त्याच्यासमोर येऊन वाकली. "घे, जंगू."

त्याने हात पुढे केला. बोटं भाकरीपर्यंत पोचली आणि तिथेच थांबली. त्याने हात मागे घेतला. तो उठला.

"जंगू, काऊन उभा झाला?" पास्टर म्हणाले.

"बाई," जंगू चंदाबाईला म्हणाला, "ते तार डोमाची नोहोती. माही होती. मी ते गुंडाळून पळालो."

चंदाबाई ताट तसंच धरून त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने एकच विचारलं.

"तू पळाला तवा ते जिते होते काय?"

ही गोष्ट जंगूने देवालाही सांगितली नव्हती. खोटं बोलायची ती शेवटची संधी होती, आणि क्षणभर त्याला तिचा मोह पडलाच.

"होते," तो म्हणाला. "पाणी मांगत होते."

साधनाने तोंडात पदर कोंबला. चंदाबाईच्या हातातलं ताट कललं, दोन तुकडे खाली पडले. उचलायला कोणी पुढे झालं नाही. आता ही मारणार, असं जंगूला वाटलं. तिने मारावं, असंही वाटलं.

"मले तुले माफ करा लागते," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "मनातून नाई निघून राह्यलं. पण करा लागते. ते बी देवाची आज्ञाच हाय."

जंगू ढसाढसा रडायला लागला.

"पण तिकडे डोमाची लेकरं बाप कवा येते म्हणून पाहून राह्यले. तू आजच ठाण्यात जाशील."

"जातो, बाई." त्याने भीत भीत ताटाकडे पाहिलं. "मंग हे भाकर आता मले नाई भेटत?"

चंदाबाईने खाली पडलेले तुकडे उचलले. ताट नेऊन पास्टरांसमोरच्या मेजावर ठेवलं आणि त्यावर कापड टाकलं.

"सुटून आल्यावर खाजो," ती म्हणाली. "कितीक वर्सं लागतीन ते लागू दे. तू येतपर्यंत मी बी नाई खात."