मालवाहू व्हॅनचं अस्तर

गिऱ्हाइकाला मालवाहू व्हॅन आतून साउंडप्रूफ करून हवी होती. लोकेंद्रने काउंटरवर फोम, फेल्ट आणि रबरी शीटचे तुकडे मांडले. त्या माणसाने मोबाईल सुरू केला आणि एकेका तुकड्यात गुंडाळून त्याला कान लावला. मोबाईलमधून तान्ह्या बाळाचं रडणं येत होतं.

लोकेंद्रने बाहेर उभ्या व्हॅनचा नंबर पाहून ठेवला. "रस्त्याचा आवाज आत नको काय?"

"नाही. आतला बाहेर नाही गेला पाहिजे. बाहेर लोकं असतेत."

"पोरगं कोणाचं आहे?" लोकेंद्रने खिशातून फोन काढला.

"माझंच. गाडी नाटक कंपनीची आहे. खेळ सुरू असला का स्टेजमागंच उभी राहते. आत आजी असते त्याच्यापाशी, तरी थे रडूनच राहते."

"मंग रडू दे ना! काऊन त्याचा आवाज कोंडून राहिला?"

त्याने मान खाली घातली. "त्याची माय तिकडं स्टेजवर नाचते. याचं रडणं ऐकू गेलं का तिले पान्हा फुटते, ब्लाऊज भिजते. अन् लोकं शिट्ट्या मारतेत."